एकाच जातीच्या माद्या, वेष मात्र अनेक : आफ्रिकेतील मॉकर स्वॅलोटेल

गेल्या अंकातील कॉमन मॉर्मन या फुलपाखरावरच्या लेखात त्याच्या आफ्रिकेतील एका नातलगाचा, म्हणजे मॉकर स्वॅलोटेलचा, ओझरता उल्लेख आला होता. तेवढ्यावरून बरीच पत्रे आली. त्यांपैकी एकसारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मॉकर स्वॅलोटेलची छायाचित्रे इंटरनेटवर शोधली, तर एका ठिकाणी फिकट पिवळे, शेपट्या असलेले फुलपाखरू दिसले आणि त्याच नावाखाली दुसरीकडे काळे-पांढरे, तिसरीकडे नारिंगी, आणि तेही शेपट्या नसलेले. नावे देताना घोटाळा झाला आहे का? (नाशिक)

नावे बरोबर आहेत. आपण पाहिलेली ही सर्व फुलपाखरे एकाच जातीची आहेत. तिचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ डार्डेनस असे असून ते १७७६ साली दिले गेले. सहाराच्या दक्षिणेकडील जंगलांत, पश्चिम आफ्रिकेपासून केनिया-इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनारपट्टीपर्यंत, शिवाय मादागास्करमध्येही ती आढळते. पंख पसरले असता रुंदी साधारणपणे आठ ते दहा सेंटिमीटर भरते.

नर सगळीकडे जवळपास सारखाच दिसतो : फिकट पिवळे पंख, त्यांना काळी किनार आणि मागच्या पंखांना एकेक शेपटी. जंगलाच्या कडेकडेने आणि पायवाटांवरून तो सतत फेऱ्या मारत असतो, आणि ओल्या मातीवर उतरून क्षारही शोषतो. मादीची गोष्ट मात्र निराळी आहे. आफ्रिका खंडाच्या बहुतेक भागात तिला शेपट्या नसतात आणि तिचे रंगरूप नराशी जुळत नाही. ते जुळते त्याच जंगलात उडणाऱ्या, पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या परक्या जातींशी. हिप्पोकून नावाचे काळे-पांढरे रूप अमॉरिस नायाव्हियस या जातीसारखे दिसते. दक्षिण आफ्रिकेत विपुल असलेल्या सिनीया या रूपात पुढच्या काळ्या पंखांवर फिकट ठिपके आणि मागच्या पंखांवर पिवळसर पट्टा असतो, आणि ते अमॉरिस एकेरियाशी जुळते. ट्रोफोनियस हे नारिंगी रूप प्लेन टायगरची नक्कल करते, तर युगांडा आणि पश्चिम केनियातील प्लॅनेमॉइडस हे रूप अक्रिया गटातील एका फुलपाखरासारखे दिसते. मादीची अशी डझनभराहून अधिक रूपे नोंदली गेली आहेत आणि त्यांतील काही कोणत्याच जातीशी नीट जुळत नाहीत.

आपल्याला पडलेला प्रश्न एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांना पडलाच नव्हता, कारण त्यांच्या लेखी या सरळसरळ वेगवेगळ्या जाती होत्या आणि त्यांना वेगवेगळी नावेही दिलेली होती. ब्रिटिश निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी १८६२ साली अॅमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांच्या आधारे नकलेचा सिद्धान्त, म्हणजे खाण्याजोगी जात बेचव जातीसारखी दिसून भक्षकांपासून वाचते हा विचार, मांडला होता, आणि त्यानंतर थोड्याच काळात आल्फ्रेड वॉलेस यांनी मलाय द्वीपसमूहातील पॅपिलिओ गटात एकाच जातीच्या माद्या अनेक रूपांच्या असू शकतात हे दाखवून दिले होते. हे सर्व ठाऊक असलेले दक्षिण आफ्रिकेतील कीटकशास्त्रज्ञ रोलंड ट्रायमेन यांनी १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात असे मांडले, की सिनीया, ट्रोफोनियस आणि हिप्पोकून या स्वतंत्र जाती नसून त्या पिवळ्या, शेपटीवाल्या नराच्याच माद्या आहेत. त्यांच्या युक्तिवादातील एक दुवा अगदी साधा होता : या ‘जातीं’चे नर कोणाच्याच संग्रहात नव्हते आणि पिवळ्या नराची मादी आफ्रिका खंडावर कोणालाच सापडत नव्हती.

विल्यम ह्यूइटसन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाला हे पटले नाही. मादागास्करमधील मादी जर हुबेहूब नरासारखी असते, तर खंडावरील त्याच फुलपाखराच्या माद्या इतक्या तऱ्हांच्या कशा असतील, असा त्यांचा आक्षेप होता, आणि त्या वेळच्या माहितीचा विचार करता तो आक्षेप गैर म्हणता येणार नाही. पुढे केप वसाहतीच्या पूर्व भागात मॅन्सेल वील यांनी सुरवंट वाढवले, तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या सुरवंटांच्या कोषांतून पिवळे नर आणि निरनिराळ्या रूपांच्या माद्या बाहेर पडल्या. खुद्द ह्यूइटसन यांच्या संग्राहकानेही पश्चिम आफ्रिकेजवळच्या फर्नांडो पो (आजचे बियोको) बेटावरून पिवळा नर आणि काळी-पांढरी हिप्पोकून मादी यांची मीलन करत असताना पकडलेली जोडी त्यांच्याकडे पाठवली, आणि वाद मिटला. संग्रहातल्या टाचणी लावलेल्या नमुन्यांकडे कितीही वेळ पाहून जे कळले नसते, ते सुरवंट पाळल्याने कळले, याला मी फार महत्त्व देतो.

प्रश्न : कोणाची नक्कल करायची हे मादी कसे ठरवते? आसपासची फुलपाखरे पाहून ती रंग बदलते का? (रत्नागिरी)

नाही. बहुरूपी सकाळी पोलीस होऊन येतो आणि संध्याकाळी देव, पण ही मादी तसे करू शकत नाही. तिच्या पंखांचा नमुना तिच्या जनुकांनी ठरतो, कोषात असतानाच पंखांवर उमटतो आणि कोषाबाहेर आल्यावर मरेपर्यंत तसाच राहतो. तिला स्वतःच्या रूपाची जाण असते असे मानण्याचे काही कारण नाही.

निवड करतात ते पक्षी. प्लेन टायगरचा सुरवंट रुईवर वाढतो आणि रुईच्या चिकातील, हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये स्वतःच्या शरीरात साठवू शकतो. त्याच्याच कुळातील अमॉरिस फुलपाखरेही रुईच्या नातलग वेलींवर वाढतात. शिवाय या कुळातील नर खुळखुळा किंवा भुरुंडी यांसारख्या वनस्पतींच्या सुकलेल्या भागांवर बसून तेथील कडू, विषारी द्रव्ये शोषून घेतात. पावसाळ्यानंतर वाळलेल्या खुळखुळ्याला लगडलेली अशी फुलपाखरे आपल्याकडेही पाहायला मिळतात. त्यांचे शरीरही चिवट असते. एखाद्या कोवळ्या पक्ष्याने चोच मारून पाहिली आणि चव न आवडून सोडून दिले, तर पंखाचा तुकडा गमावूनही ते उडून जाऊ शकतात. पक्षी मात्र तो रंग पुढे लक्षात ठेवतो.

मॉकर स्वॅलोटेलचा सुरवंट लिंबू आणि कढीपत्ता यांच्या कुळातील झाडांवर वाढतो आणि त्याच्या फुलपाखरात असे विष नसते, म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने ते चांगले खाद्य आहे. अशा जातीत एखादी मादी योगायोगाने थोडीशी बेचव फुलपाखरासारखी दिसली, तर अनुभवी पक्षी तिला टाळण्याची शक्यता वाढते, ती अधिक अंडी घालते आणि तिचे जनुक पुढच्या पिढीत अधिक प्रमाणात जातात. हे हजारो पिढ्या चालले म्हणजे हुबेहूब नक्कल तयार होते. नक्कल केवळ रंगापुरतीही राहत नाही. अमॉरिससारखी दिसणारी मादी त्याच्यासारखीच संथ, तरंगत उडते, पण तिला दचकवले तर ती ते सोंग टाकून आपल्या गटाला साजेशा वेगाने निसटून जाते.

प्रश्न : नक्कल इतकी फायद्याची असेल, तर नरही तसेच का नाहीत? आणि माद्यांनी एकच उत्तम रूप का धरून ठेवले नाही? (पुणे)

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक पक्के आहे. नक्कल टिकते ती खऱ्या बेचव फुलपाखरांच्या जिवावर. एखाद्या जंगलात नारिंगी नकलाकार फार झाले, तर कोवळ्या पक्ष्याला पहिले नारिंगी फुलपाखरू चविष्ट लागण्याची शक्यता वाढते, आणि मग तो सगळ्याच नारिंगी फुलपाखरांच्या मागे लागतो. अशा वेळी काळ्या-पांढऱ्या माद्या अधिक सुरक्षित ठरतात. पुढे त्यांची संख्या वाढली, की पारडे पुन्हा फिरते. अशा रीतीने जे रूप ते ज्याची नक्कल करते त्या बेचव फुलपाखराच्या तुलनेत विरळ, ते फायद्यात राहते, आणि एकाच जंगलात दोन, तीन किंवा अधिक रूपे शेजारी शेजारी टिकून राहतात.

पहिल्या भागाला एकच एक उत्तर नाही. मादीचे पोट अंड्यांनी जड असते आणि तिला योग्य झाड शोधत पानापानाशी रेंगाळावे लागते, त्यामुळे पक्ष्यांपासूनचा धोका तिला अधिक असतो आणि नकलेचा लाभही अधिक होतो. उलट नराच्या पिवळ्या रंगाला त्याच्या जातीतच काम आहे : माद्या त्यावरून आपल्या जातीचा नर ओळखत असाव्यात, आणि इतर नरांनाही तो प्रतिस्पर्धी म्हणून ओळखू येत असावा. रंग बदललेला नर पक्ष्यांपासून वाचेलही, पण त्याला मादी मिळाली नाही तर त्या वाचण्याचा उपयोग नाही.

मादागास्करमध्ये आणि इथिओपियात नरासारख्या पिवळ्या, शेपटीवाल्या माद्या आढळतात, याचाही येथे विचार करायला हवा. मादागास्करमध्ये बहुतेक सर्व माद्या अशा असतात. इथिओपियात बहुसंख्य अशा असल्या तरी थोड्या नकलाकार माद्याही आहेत आणि त्यांनाही शेपट्या असतात. तेथे नक्कल करण्याजोगे फुलपाखरू नाही म्हणून असे झाले, असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. पण प्लेन टायगर मादागास्करमध्येही उडते, त्यामुळे ते स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. टांझानियाच्या पेम्बा बेटावर नरासारख्या आणि नकलाकार अशा दोन्ही तऱ्हांच्या माद्या एकत्र आढळतात. तेथील निरीक्षणांवरून १९९० च्या दशकात असा विचार पुढे आला, की नरासारखी दिसणारी मादी नरांच्या सततच्या पाठलागातून सुटत असावी, आणि पक्ष्यांकडून होणारे नुकसान त्यातून काही प्रमाणात भरून निघत असावे. नकलेचा हिशेब केवळ पक्ष्यांशी नसतो, हे त्या विचारामुळे स्पष्ट झाले.

प्रश्न : एकाच आईच्या मुली वेगवेगळ्या रूपांच्या निघतात, पण अर्धवट मिसळलेल्या का निघत नाहीत? (डोंबिवली)

या प्रश्नाच्या उत्तराचा पाया १९५० आणि १९६० च्या दशकांत सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड या ब्रिटिश संशोधकांनी घातला. आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून फुलपाखरे मिळवून ते इंग्लंडमध्ये त्यांचे संकर करत. बंदिस्त जागेत ही फुलपाखरे सहजी मीलन करत नाहीत, म्हणून नर आणि मादी दोन हातांत हलकेच धरून त्यांच्या पोटांची टोके एकमेकांना भिडवायची, नराने पकड घेतली की जोडी सोडून द्यायची, अशी हाताने जोडी लावण्याची रीत क्लार्क यांनी वापरली. एकेका संकरातून येणारी अंडी, सुरवंट, कोष असे सर्व सांभाळून शेवटी मुलींची रूपे मोजायची, असे ते चिकाटीचे काम होते.

त्यातून दिसले ते असे : मादीचे रूप मुख्यतः एकाच जागी असलेल्या आनुवंशिक घटकाने ठरते आणि त्या घटकाचे अनेक पर्याय आहेत. नरही तो घटक वाहतो आणि मुलींना देतो, पण त्याच्या स्वतःच्या पंखांवर त्याचा परिणाम दिसत नाही. पर्यायांमध्ये प्रभावी-अप्रभावी अशी उतरंड असून हिप्पोकून तिच्या तळाशी आहे. ते रूप दिसायचे तर मादीला आई आणि बाप या दोघांकडूनही तोच पर्याय मिळावा लागतो. एकाच प्रदेशात नांदणाऱ्या रूपांमध्ये ही उतरंड जवळपास पूर्ण असते, म्हणून मुली एक तर या रूपाच्या निघतात किंवा त्या, आणि मिसळलेल्या निघत नाहीत. मात्र दूरच्या दोन प्रदेशांतील फुलपाखरांचा संकर केला, की मधल्याच नक्षीच्या माद्या जन्मतात. म्हणजे नक्कल घासूनपुसून नेमकी करणारे इतर जनुकही असतात आणि ते त्या त्या प्रदेशातील रूपांपुरतेच जुळलेले असतात. मला हा त्यांच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

पुढे हा घटक गुणसूत्रावर नेमका कोठे आहे ते सापडले. तो एन्ग्रेल्ड आणि इन्व्हेक्टेड या शेजारशेजारच्या जनुकांच्या भागात आहे, आणि काही रूपांत गुणसूत्राच्या त्या तुकड्याची रचनाच बदललेली आहे. असा बदललेला तुकडा मूळ तुकड्याशी सहसा अदलाबदल करत नाही, त्यामुळे नक्षीचे घटक एकत्र राहतात. आपल्या कॉमन मॉर्मनमध्ये मादीचे रूप ठरवणारा जनुक मात्र वेगळा आहे. तो डबलसेक्स असल्याचे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले. दोघेही पॅपिलिओ, दोघांतही केवळ माद्यांची नक्कल, आणि तरीही दोन निराळे जनुक.

प्रश्न : गरोदर स्त्रियांना देतात ते अँटी-डी इंजेक्शन फुलपाखरांच्या अभ्यासातून निघाले, असे ऐकले. ते खरे आहे का? (कोल्हापूर)

बऱ्याच अंशी खरे आहे. सिरिल क्लार्क हे पेशाने लिव्हरपूलमधील डॉक्टर होते आणि फुलपाखरे हा त्यांचा छंद होता. मॉकर स्वॅलोटेलमधील एकत्र राहणारे आनुवंशिक घटक अभ्यासताना त्यांचे लक्ष माणसाच्या रक्तगटांकडे वळले, कारण आरएच रक्तगटाची आनुवंशिकताही तशीच जवळजवळच्या घटकांची आहे असे त्या काळी मानले जात होते. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात जाऊन तिच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात आणि पुढच्या बाळाला त्यांपासून धोका पोचतो. क्लार्क आणि लिव्हरपूलमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून प्रतिपिंडे देऊन त्या पेशी आधीच नष्ट करण्याचा मार्ग १९६० च्या दशकात तपासला, आणि त्याच सुमारास अमेरिकेतही स्वतंत्रपणे तसेच संशोधन झाले. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देण्याचे इंजेक्शन हे त्याचेच फळ. औषध फुलपाखरातून काढलेले नाही, हे मात्र स्पष्ट करायला हवे. फुलपाखरांमुळे क्लार्क त्या प्रश्नापर्यंत पोचले, एवढाच संबंध आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे.

प्रश्न : हे फुलपाखरू आपल्याकडे दिसेल का? (कणकवली)

मॉकर स्वॅलोटेल भारतात नाही. पण ट्रोफोनियस ज्याची नक्कल करते ते प्लेन टायगर तुमच्या घरामागच्या रुईवरही मिळेल, आणि त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी आफ्रिकेप्रमाणे कोकणातही उडते. तिचा नर काळा असून त्याच्या पंखांवर जांभळट कडेचे मोठे पांढरे ठिपके असतात. कॉमन मॉर्मनच्या माद्यांपैकी काही नरासारख्या, काही कॉमन रोझसारख्या आणि काही क्रिमझन रोझसारख्या असतात. त्यांचे सुरवंट कढीपत्त्यावर शोधावेत.

प्रश्न : आम्ही नैरोबीत राहतो. बागेतल्या लिंबावर सुरवंट येतात आणि फिकट पिवळे, शेपट्यांचे फुलपाखरूही कधी कधी दिसते. सुरवंट त्याचेच असतील का? आणि त्याची मादी ओळखावी कशी? (नैरोबी)

पिवळे फुलपाखरू म्हणजे मॉकर स्वॅलोटेलचा नर असण्याचीच दाट शक्यता आहे. लिंबावरचे सुरवंट मात्र बहुधा सिट्रस स्वॅलोटेलचे असतील. ते आपल्याकडच्या लिंबावरच्या फुलपाखराचे अगदी जवळचे आफ्रिकी भावंड असून लागवडीच्या लिंबांवर नेहमी आढळते. मॉकर स्वॅलोटेलही लिंबावर अंडी घालते, पण तिचा ओढा त्याच कुळातील जंगली झाडांकडे अधिक असतो. दोन्ही सुरवंट मोठे झाल्यावर हिरवे होतात आणि डिवचले असता डोक्यामागून उग्र वासाची, दोन शिंगांसारखी पिशवी बाहेर काढतात, म्हणून नुसत्या नजरेने निर्णय करू नये. कोषातून बाहेर येईपर्यंत वाढवावे. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके आणि शेपट्या नसलेले फुलपाखरू निघाले, तर ते सिट्रस स्वॅलोटेल.

मादी ओळखण्याबाबत तुमचे गाव विशेष आहे. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ ई. बी. फोर्ड यांनी १९३६ साली दोन ठिकाणच्या नोंदींची तुलना केली होती. युगांडातील एन्टेबे येथे बेचव फुलपाखरे विपुल होती, आणि तेथील मॉकर स्वॅलोटेलच्या माद्यांपैकी जेमतेम ४ टक्के माद्यांची नक्कल सदोष होती. नैरोबीच्या परिसरात बेचव फुलपाखरे नकलाकारांपेक्षाही कमी होती आणि तेथे जवळपास एक तृतीयांश माद्या अर्धवट, मधल्या नक्षीच्या होत्या. पक्ष्यांना खरे बेचव फुलपाखरू फारसे भेटतच नसेल, तर हुबेहूब असण्याचा फायदा उरत नाही आणि निवडीचा दाब सैल पडतो, हा त्याचा अर्थ. म्हणून तुमच्याकडे पुस्तकातील चित्राशी न जुळणारी मादी दिसली तर ती दुसरी जात समजू नका. अमॉरिससारखे दिसणारे फुलपाखरू लिंबाच्या कुळातील झाडाभोवती घुटमळत असेल आणि पोट वाकवून पानावर एकेक अंडे ठेवत असेल, तर ते अमॉरिस नव्हे, कारण अमॉरिस आपली अंडी रुईच्या नातलग वेलींवर घालते. बसलेली असताना पायही मोजावेत : अमॉरिसचे पुढचे दोन पाय आखूड असून छातीशी दुमडलेले असतात, त्यामुळे ती चारच पायांवर उभी दिसते, तर मॉकर स्वॅलोटेल साऱ्या पॅपिलिओंप्रमाणे सहाही पाय टेकते.